मोत्याच्या दातांसाठी घरचं मंजन

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते इंदूरमध्ये पाळीव प्राण्यांवर उपचार करतात.)



गणेशोत्सवातलं व्याख्यान म्हटलं की विषय असतो संतवाङ्मयाचा, नाट्यसंगीताचा, फार तर मधुमेहाचा. यंदा मला ‘कुत्र्याचे दात’ हा विषय सुचवला गेला, तेव्हा मीच विचारलं, लोक बसतील का? उत्तर आलं, ‘डॉक्टर, आपल्याकडे आता दोन घरांआड एक कुत्रा आहे. बसतील.’ आणि माझ्या पाठीशी साक्षात एकदंत बसलेले आहेत. ज्या देवाने मोडलेल्या दाताची लेखणी करून महाभारत लिहिलं अशी आपली कथा सांगते, त्याच्यासमोर दातांविषयी बोलायला संकोच कसला? शिवाय दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्रे आपण रोज पाहतो. तेव्हा विषय अगदीच उपरा नाही.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुत्र्याच्या तोंडाला येणारी घाण ही ‘कुत्र्याची घाण’ नसते, ती आजाराची असते. आणि तो आजार रोखण्याचा सर्वांत चांगला उपाय दवाखान्यात नाही, तुमच्या घरी आहे. त्याला रोजची दोन मिनिटं लागतात.

माझ्याकडे एक बारा वर्षांची पॉमेरेनियन आली होती. घरच्यांची तक्रार अशी की आताशा ती खेळत नाही, बिस्कीट तोंडातून पडतं, पोळी दुधात कुस्करून दिली तरच खाते. ‘वय झालं हो तिचं,’ असं आजी म्हणाल्या. तोंड उघडून पाहिलं तर दाढांवर तपकिरी थर, हिरड्यांतून पू आणि सात दात हलणारे. भूल देऊन दात साफ केले, हलणारे काढले. पंधरा दिवसांनी आजींचा फोन आला, ‘अहो, ही परत चेंडू आणून द्यायला लागली!’ म्हणजे ते म्हातारपण नव्हतंच, ती दातदुखी होती. बिचारीला सांगता येत नव्हतं, इतकंच.

कुत्रा दुखणं लपवतो. दात दुखत असला तरी तो जेवणं सोडत नाही. एका बाजूने चावतो, न चावताच गिळतो, पण ताटली चाटून साफ करतो. त्यामुळे ‘खातोय ना, मग ठीक आहे’ हे आपलं माप इथे चालत नाही.

आता थोडं शास्त्र. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, आपल्यापेक्षा दहा जास्त. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात आणि साधारण सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ते पडून कायमचे दात येतात. हे 42 दात मुधोळच्या लांब तोंडाच्या कुत्र्यालाही असतात आणि मुठीएवढ्या तोंडाच्या पॉमेरेनियनलाही. छोट्या जबड्यात ते दाटीवाटीने, तिरकेतारके बसतात आणि मध्ये अन्न अडकतं. म्हणून पॉमेरेनियन, पग, शिह त्झू अशा लहान कुत्र्यांचे दात जास्त लवकर बिघडतात.

जेवण झालं की काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट, न दिसणारा थर बसू लागतो. त्याला आपण प्लाक म्हणतो. हा थर तसाच राहिला तर दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचं दगडासारखं कठीण किटण होतं. दातांचे डॉक्टर त्याला टार्टर म्हणतात. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण किटण मात्र चटकन चढतं. वरच्या मोठ्या दाढेजवळ लाळेची नळी उघडते, म्हणून सर्वांत जाड थर त्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला दिसतो.

ब्रशने प्लाक निघतो, किटण निघत नाही. म्हणजे आपल्याला प्लाकचं किटण व्हायच्या आत तिथे पोहोचायचं असतं. रविवारी एकदा खसाखसा घासून भागत नाही ते यामुळेच. रोज घासलं तर उत्तम, एक दिवसाआड चालेल, आठवड्यातून एकदा म्हणजे मनाचं समाधान.

किटण हिरडीच्या खाली शिरलं की हिरडी सुजते, दाताभोवतीचं हाड झिजतं, दात हलतो. तीन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांत या आजाराची सुरुवात झालेली असते. फार दुर्लक्ष झालं तर लहान कुत्र्यांत खालचा जबडा इतका झिजतो की साध्या उडीनेही मोडू शकतो. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते. लोक डोळ्याचं औषध घालत बसतात आणि दुखणं असतं दाढेचं.

इथे एक प्रश्न नेहमी येतो. ‘आमच्या आजोबांच्या वाड्यात कुत्रा होता, त्याचे दात कोण घासत होतं?’ कुणीच नाही. पण त्याचं तोंड उघडूनही कुणी पाहिलं नव्हतं. दात पडले तर पडले, एके दिवशी तो कोपऱ्यात निजून राहिला आणि गेला. आज लसी आहेत, औषधं आहेत, घरातलं ऊबदार अंथरूण आहे. आपला मोत्या बारा-चौदा वर्षं जगतो. आयुष्य आपण वाढवलं, तर तेवढी वर्षं पुरतील असे दात राखणंही आपल्याकडेच आलं.

दुसरा प्रश्न असतो, ‘मग आमचीच टूथपेस्ट लावली तर?’ नाही. आपण चूळ भरून थुंकतो, कुत्रा सगळं गिळतो. आपल्या पेस्टमध्ये फेस येण्यासाठी साबणासारखा पदार्थ असतो, फ्लोराइड असतं. रोज पोटात गेलं तर ते त्रासदायक ठरतं. आणि काही पेस्टमध्ये, तसंच बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये, झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो गेला की इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात घसरते. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅमही पुरतो. मात्रा जास्त असेल तर यकृत निकामी होतं. म्हणून डबीवर हे नाव शोधायची सवय लावा, आणि कुत्र्याने असं काही खाल्लं तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

घरच्या जुन्या मंजनांचीही एक यादी करू. मिश्री आणि गुल यांत तंबाखू असतो आणि निकोटिन कुत्र्याला विषारी आहे, म्हणून त्यांचा विचारही नको. राखुंडी आणि कोळसा खरखरीत, दातावर ओरखडे पाडतात. मीठ नको, कारण ते पोटात जातं. लवंगेचं तेल आणि टी ट्री तेल नको, ही तीव्र तेलं कुत्र्याला बाधतात. लसूण तर अजिबात नको. कडुलिंबाची काडी? ती कडू असते, आणि एकदा कडू लागलं की पुढचे पंधरा दिवस मोत्या तुम्हाला तोंडाला हात लावू देणार नाही.

मग वापरायचं काय? बाजारात कुत्र्यांसाठीची पेस्ट मिळते. ती गिळली तरी चालते, चव चिकनची असते, काहींत प्लाकवर काम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम असतात. परवडत असेल तर जरूर घ्या. पण घरी करायची असेल तर माझं साधं प्रमाण लिहून घ्या. वह्या निघालेल्या दिसतात, त्या अर्थी काकू मंडळींना इथपर्यंत आवडलेलं आहे!

खाण्याचं खोबरेल तेल चहाचे चार चमचे. डोक्याला लावायचं सुगंधी तेल नव्हे. खाण्याचा सोडा पाव चमचा, त्याहून जास्त नको. पुदिन्याची चार-पाच पानं बारीक वाटून, पाणी पिळून काढून. आणि चवीसाठी एक चमचा मटणाचं किंवा चिकनचं पाणी, पण कांदा, लसूण, मीठ, मसाला न घालता शिजवलेलं. शाकाहारी घरात त्याऐवजी उकडलेल्या लाल भोपळ्याचा एक चमचा गर घाला, तो बहुतेक कुत्र्यांना आवडतो. सगळं एकत्र फेटा आणि झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. पाच-सहा दिवसांत संपवा, वास बदलला तर आधीच टाकून द्या. फ्रिजमध्ये ते घट्ट होईल. आपल्या इंदूरच्या थंडीत तर बाहेरही तेल थिजतं. त्याला हरकत नाही, घट्ट मंजन ब्रशवरून ओघळत नाही.

मोठ्या कुत्र्याला वाटाण्याएवढं आणि छोट्याला तुरीच्या दाण्याएवढं घ्यायचं. तेल जास्त झालं तर जुलाब होतात, आणि ज्याला स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेला आहे त्याला तेल देऊच नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर सोडा वगळा, कारण त्यात सोडियम असतं. हळद घालू का, असं बरेच जण विचारतात. ब्रश, मिशा आणि तुमचा सोफा पिवळा होईल, दातांना विशेष फरक पडेल असं मला वाटत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. या मंजनात जादू काही नाही. सोडा थोडं घासायला मदत करतो, तेलाने ब्रश मऊ फिरतो, पुदिन्याने वास जरा बरा येतो. प्लाक निघतो तो ब्रशच्या केसांनी. मंजन ही लाच आहे! मोत्याने तोंड जवळ आणावं म्हणून दिलेली. त्यामुळे एखाद्या दिवशी मंजन संपलं असेल तर नुसत्या पाण्यात ब्रश बुडवून घासा. मंजनाशिवाय ब्रश चालतो, ब्रशशिवाय मंजन चालत नाही. बोटाने मंजन चाटवलं आणि दात घासले असं समजलं, तर तो केवळ खाऊ झाला.

ब्रश लहान मुलांचा, मऊ केसांचा घ्या. अगदी छोट्या कुत्र्याला बोटात घालायचा रबरी ब्रश चालतो, सुरुवातीला मलमलीचा तुकडा बोटाला गुंडाळला तरी चालेल. प्रत्येक कुत्र्याचा ब्रश वेगळा. आणि एक अट आहे. ज्याच्या तोंडात हात घालायचा त्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली असली पाहिजे. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर हा प्रयोग करू नका. त्यांना खायला घाला, लस द्यायला मदत करा, तोंडाशी जाऊ नका.

शिकवायचं कसं? घाई न करता. पहिला आठवडा नुसतं बोटावर मंजन लावून चाटू द्या आणि चाटत असताना ओठ हलकेच वर उचला. दुसऱ्या आठवड्यात बोटाला मलमल गुंडाळून पुढच्या दातांवर आणि सुळ्यांवर फिरवा. तिसऱ्या आठवड्यात ब्रश आणा. सुळ्यांपासून सुरू करून दर दिवशी एक-दोन दाढा मागे जा. कुत्र्याने मान वळवली की थांबायचं. तो कंटाळण्याआधी आपण थांबलो तर उद्या तो स्वतःहून येतो. दोघांनी धरून, तोंड फाकवून, ओरडून घासलं तर एकदाच घासलं जाईल, परत नाही.

तोंड उघडायची गरजच नाही. जबडा मिटलेला असतानाच ओठ वर करा आणि दातांच्या बाहेरच्या बाजू घासा. आतल्या बाजूला जीभ सतत फिरत असते, तिथे थर कमी बसतो. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका, 45 अंशांत धरा आणि छोटे छोटे गोल फिरवा. सर्वांत जास्त लक्ष वरच्या मागच्या दाढांकडे द्या. एका बाजूला अर्धा ते एक मिनिट पुरे. झालं की शाबासकी द्या, फिरायला न्या, चेंडू टाका.

वेळ ठरलेली असावी. एका घरात संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की लगेच मोत्याचे दात घासायचे असं ठरलं, आणि आता दिवा लागला की तो स्वतः येऊन बसतो. काम एकाच्या नावावर असू द्या. ‘सगळ्यांनी मिळून करू’ म्हटलं की काय होतं, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. मुलांना हौस असते, पण शेजारी मोठं माणूस हवं.

पण आधीच किटण चढलेलं असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आजपासून ब्रश सुरू करू नका. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला तर कुत्रा ब्रशलाच शत्रू मानेल. आधी डॉक्टरांना दाखवा. सुई, सुरी, नेलकटरने घरी खरवडू नका. दातांवर ओरखडे पडतात आणि त्यांत थर आणखी लवकर बसतो. दवाखान्यात रक्त तपासून, भूल देऊन दात साफ करतात, हिरडीच्या खालचा भागही साफ करतात, गरज पडली तर एक्स-रे काढतात. भुलेची भीती वाटते हे मी समजतो. पण ‘बिनभुलेची सफाई’ नुसती वरून चकाचक दिसते. आजार हिरडीच्या खाली असतो आणि जागा कुत्रा तिथे अवजार लावू देत नाही. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटनाही दातांच्या उपचारांत भूल देण्याचाच आग्रह धरते. सफाईनंतर जखम भरली, डॉक्टरांनी होकार दिला, की मग आपलं मंजन सुरू.

हाडांबद्दल दोन शब्द. ‘हाड चघळलं की दात आपोआप साफ होतात’ असा समज आहे. मटणाची नळी चघळताना वरची मोठी दाढ मोडलेली कुत्री मी नेहमी पाहतो. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि ते आतड्यात टोचतात. साधी परीक्षा अशी, की वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. नख उमटलं नाही तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण आहे. गाजराचा मोठा तुकडा द्या, आनंदाने चघळेल. मात्र तो ब्रशची जागा घेत नाही.

आणि उत्सवाचे दिवस आहेत म्हणून सांगतो. प्रसादाची खिरापत कुत्र्याला देऊ नका. त्यात बेदाणे असले तर त्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बिघडू शकतं. चॉकलेटचे मोदक हल्ली सर्रास मिळतात, तेही नकोत. त्याला प्रसाद द्यावासा वाटला तर ओल्या नारळाचा छोटासा तुकडा द्या. देवाचं मन मोठं आहे, चालेल त्याला.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर आपल्या कुत्र्याचा वरचा ओठ बाजूने उचलून पाहा. दात पांढरे आणि हिरडी गुलाबी असेल तर उद्यापासून बोटावर मंजन चाटवायला लागा. पिल्लू असेल तर फारच छान, त्याला आयुष्यभराची सवय लागेल. थर तपकिरी असेल, हिरडीची कड लाल असेल, वास येत असेल, डोळ्याखाली सूज असेल, तो तोंडाला हात लावू देत नसेल, तर या आठवड्यात जवळच्या डॉक्टरांकडे जा. माझ्याकडेच या असं मी म्हणत नाही, नाहीतर बाहेर गेल्यावर म्हणाल, डॉक्टर जाहिरात करून गेले!

आपल्याला काय दुखतं ते आपण सांगतो. जरा जास्तच सांगतो. मोत्याला ते जमत नाही. त्याच्या वतीने पाहणारं त्या घरात तुमच्याशिवाय कुणी नाही.



गणपती बाप्पा मोरया!